एफटीएस5 (एसक्यूलाइट डेटाबेसचं मजकूर शोधण्याचं मॉड्यूल) लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर नाही. एसक्यूलाइटमध्ये ते प्रॅग्मानं (सेटिंग बदलणाऱ्या कमांडनं) सुरू करता येईल का?

नाही. "नो सच मॉड्यूल: एफटीएस5" ही एरर येते म्हणजे सर्व्हरवरच्या एसक्यूलाइट लायब्ररीत तो कोडच नाही. प्रॅग्मा फक्त आत असलेल्या कोडचं वागणं बदलतो.

आधी तपासा, आणि तेही अ‍ॅपच्याच कनेक्शनवरून. एसक्यूलाइटच्या कमांड लाइनवरच्या शेलवर विसंबू नका. शेल आणि पायथन एकाच मशीनवर दोन वेगळ्या लायब्रऱ्या वापरत असू शकतात. सिलेक्ट एसक्यूलाइट_कंपाइलऑप्शन_यूज्ड('एनेबल_एफटीएस5') चालवा. 0 आलं तर एफटीएस5 शिवाय बिल्ड झालंय. पूर्ण यादी हवी असेल तर प्रॅग्मा कंपाइल_ऑप्शन्स.

उपाय दोन. एक, अमाल्गमेशनची (एसक्यूलाइटचा सगळा सोर्स एकत्र केलेली) सी फाइल एसक्यूलाइट_एनेबल_एफटीएस5 हा मॅक्रो (कंपाइल करतानाचा पर्याय) देऊन स्वतः कंपाइल करा, लिंक करताना मॅथ लायब्ररी जोडा आणि अ‍ॅप हीच लायब्ररी उचलतंय ना ते पुन्हा बघा. दुसरा, एफटीएस5 वेगळं एक्स्टेंशन म्हणून बांधून लोड करा. पण लायब्ररी ओमिट_लोड_एक्स्टेंशन (एक्स्टेंशन लोड करायची सोयच काढणारा मॅक्रो) लावून बांधलेली असेल तर हा रस्ताही बंद. मॅकओएसवर पायथनवाले नेमके इथेच अडकतात. मी पहिलाच उपाय करेन. लायब्ररी अ‍ॅपसोबतच पाठवली की सर्व्हरवर काय आहे याची चिंता उरत नाही.

थ्रेडचंही तसंच. थ्रेडसेफ=0 नं बांधलं की म्यूटेक्सचा (थ्रेड एकमेकांत घुसू नयेत म्हणून असलेल्या कुलपांचा) कोडच गळतो, नंतर काहीही करून परत येत नाही. 1 (हा डीफॉल्ट) ठेवलात तर एसक्यूलाइट3_कॉन्फिग वापरून मल्टिथ्रेड किंवा सिंगलथ्रेड मोडवर उतरता येतं, मात्र लायब्ररी इनिशियलाइझ होण्याआधी. नंतर बोलावलं तर मिसयूज एरर. आणि एसक्यूलाइट3_थ्रेडसेफ() बिल्डच्या वेळचीच किंमत सांगतं, तुम्ही नंतर काय बदललं ते नाही. मर्यादांचा न्याय हाच: एसक्यूलाइट3_लिमिट त्या खाली आणू शकतं, कंपाइल करताना ठरलेल्या कमाल आकड्याच्या वर नेऊ शकत नाही. एका क्वेरीतल्या पॅरामीटर्सची ही कमाल डीफॉल्टनं एसक्यूलाइट 3.32.0 आधी 999 होती, आता 32766 आहे. त्यामुळे मोठी इन-यादी (क्वेरीत इन नंतर दिलेली मूल्यांची यादी) लॅपटॉपवर चालते आणि जुन्या लायब्ररीवर कोसळते.

सगळ्यात जास्त घोळ मात्र डीफॉल्टांचा. फॉरेन की तपासणी (एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या खऱ्या नोंदीकडेच बोट दाखवते ना, हे बघणं) लायब्ररीत असते, पण बंद. प्रॅग्मा फॉरेन_कीज=ऑन प्रत्येक नव्या कनेक्शनवर द्यावा लागतो, तो फाइलमध्ये साठत नाही. (जर्नल_मोड=वॉल, म्हणजे बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहिण्याचा मोड, मात्र साठतो, म्हणून लोकांना वाटतं की बाकीचेही साठतात.) फॉरेन_कीज ट्रान्झॅक्शन चालू असताना दिलात तर काहीच होत नाही, एररही नाही. नावात चूक झाली तरी एसक्यूलाइट गप्प बसतं. अनोळखी प्रॅग्माकडे ते दुर्लक्ष करतं. म्हणून लिहिल्यावर लगेच प्रॅग्मा फॉरेन_कीज वाचा आणि 1 आलं नाही तर अ‍ॅप सुरूच करू नका. स्वतःचं बिल्ड करत असाल तर डीफॉल्ट_फॉरेन_कीज=1 हा मॅक्रो देऊन टाका.

साइज कमी करायला (नको त्या सोयी वगळणारे) ओमिट_ मॅक्रो लावायचा मोह होईल. त्यातल्या बऱ्याच मॅक्रोंसाठी पार्सर (एसक्यूएल वाचून समजून घेणारा कोड) नव्यानं तयार करावा लागतो, तो अमाल्गमेशनमध्ये आधीच तयार होऊन आलेला असतो. तिथे असे मॅक्रो दिले तर बिल्ड फुटतं किंवा प्रोग्रॅम भलतंच वागतो. खरंच गरज असेल तर मूळ सोर्स ट्रीमधून बांधा.