ब्रिटनमधील निवृत्त लॉरीचालक जुन्या ब्रिटिश ट्रकांच्या आठवणी इतक्या आत्मीयतेने का काढतात? ते ट्रक खरोखर तितके चांगले होते का?

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. ते ट्रक मालकासाठी उत्तम होते आणि चालकासाठी बहुतांशी त्रासदायक होते. तरीही त्यांची आठवण प्रेमाने निघते, याचे कारण यंत्रात थोडे आणि त्या काळच्या कामाच्या रचनेत पुष्कळ आहे, असे माझे मत आहे. मी लँकेशरमधील एका वाहतूक कंपनीच्या कचेरीत गाड्यांच्या फेऱ्या लावण्याचे काम अनेक वर्षे केले. मी रुजू झालो तेव्हा 1960 च्या दशकात स्टिअरिंग हाती घेतलेली पिढी निवृत्तीला टेकली होती, आणि त्यांच्याही आधीचे चालक नाताळच्या जेवणाला हटकून हजर असत. पुढे लिहिलेले बरेचसे त्यांच्याकडून ऐकलेले आहे.

त्या वेळी ब्रिटनमध्ये ट्रक बनवणारे कारखाने गावोगाव होते. लेलँड गावात लेलँड, लंडनजवळ साउथॉलला एईसी, वॉटफर्डला स्कॅमेल, वुल्व्हरहॅम्प्टनला गाय, ग्लासगोला अल्बियन, प्रेस्टनजवळ अ‍ॅटकिन्सन, आणि चेशायरमधील सँडबॅच या लहानशा गावात तर फोडेन आणि ईआरएफ असे दोन. ईआरएफ ही कंपनी फोडेन घराण्यातील एडविन रिचर्ड फोडेन यांनी 1933 मध्ये वेगळे होऊन काढली होती, त्यामुळे सँडबॅचमध्ये भावकी आणि स्पर्धा दोन्ही एकाच वेशीच्या आत नांदत होत्या. लेलँड आणि एईसी आपली इंजिने स्वतः बनवत. अ‍ॅटकिन्सन आणि ईआरएफ, तसेच पुष्कळदा फोडेनही, मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्ट येथील गार्डनर कंपनीचे इंजिन बसवत.

गार्डनरचे नाव निघाले की या मंडळींचा आवाज बदलतो. 1958 च्या सुमारास आलेले त्याचे 6एलएक्स इंजिन साडेदहा लिटरच्या आसपासचे होते आणि मिनिटाला 1700 फेऱ्यांवर 150 अश्वशक्ती देत असे. आजच्या हिशेबाने ही शक्ती हास्यास्पद आहे. परंतु ते इंजिन अत्यंत कमी डिझेल पीत असे, वर्षानुवर्षे न उघडता चालत असे आणि चढावर फेऱ्या अगदी खाली आल्या तरी हट्टाने ओढत राहत असे. मालकाला याहून अधिक काय हवे होते? मागणी एवढी होती की गार्डनरच्या इंजिनासाठी ट्रक बनवणारेच रांगेत उभे असत.

पण याच काटकसरीची दुसरी बाजू चालकाच्या अंगावर येत असे. रस्ता-कर रिकाम्या गाडीच्या वजनावर ठरत होता, भरलेल्या गाडीच्या एकूण वजनाला कायद्याची मर्यादा होती, म्हणून गाडीतून काढलेला प्रत्येक किलो मालकाच्या पदरात माल होऊन पडत असे. साहजिकच कारखानदारांनी वजन काढले ते चालकाच्या केबिनमधून. लाकडी सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनिअमचा किंवा पुढे फायबरग्लासचा पत्रा, दारांतून शिरणारा वारा, जेमतेम गादीची बैठक, आणि हीटर असलाच तर जास्तीचे पैसे मोजून घेतलेला. त्यातून गार्डनर मुळातच इतके थंड चालणारे इंजिन की हीटर असूनही फारशी ऊब मिळत नसे. 1962-63 चा हिवाळा ज्यांनी रस्त्यावर काढला ते डिझेल मेणासारखे गोठल्याच्या आणि टाकीखाली चिंध्या पेटवून ते वितळवल्याच्या गोष्टी सांगतात. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, सांगणारा मात्र हसत असतो. इंजिन केबिनच्या मध्यभागी, चालकाच्या डाव्या हाताला असे. आमच्याकडच्या जुन्या चालकांपैकी कित्येकांशी बोलताना त्यांच्या उजव्या बाजूला बसावे लागे, कारण डावा कान केव्हाच कामातून गेला होता. कॉमर या आणखी एका ब्रिटिश कंपनीचे टीएस3 आणि फोडेनचे टू-स्ट्रोक ही इंजिने तर आवाजासाठीच प्रसिद्ध होती, आणि आज त्याच आवाजावर जीव टाकणारे लोक आहेत. हे प्रेम मला कधी पूर्णपणे पटलेले नाही.

गिअर बदलणे हीसुद्धा एक विद्याच होती. गिअरचे दाते आपोआप जुळवून घेणारी सिंक्रोमेश ही सोय नसल्यामुळे प्रत्येक गिअरला डबल क्लच, म्हणजे क्लच दोनदा दाबून सोडणे, करावा लागे आणि इंजिनाच्या फेऱ्या कानाने ओळखाव्या लागत. चढावर एक गिअर चुकला तर गाडी थांबायची, आणि भरलेली गाडी चढावर पुन्हा हलवणे सोपे नव्हते. यातला सर्वांत नावाजलेला रस्ता म्हणजे वायव्य इंग्लंडमधील केंडल आणि पेनरिथ यांच्यामधला, ए6 महामार्गावरचा शॅप हा घाट. तो 1,300 फुटांहून अधिक उंचीवर जातो. आकड्याने तो आपल्या खंडाळ्याच्या घाटापेक्षा कमी भरेल, पण बर्फ, धुके आणि दीडशे अश्वशक्ती एवढ्या भांडवलावर स्कॉटलंडचा माल त्यावरून जात असे. चढावरचा वेग इतका उतरे की सोबत्याने खाली उतरून बाजूने चालावे. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडणारेही होते, आणि त्या वेळचे ब्रेक पाहता सगळेच खाली सुखरूप पोहोचले नाहीत, हेही जुने चालक आवाज खाली आणून सांगतात. 1970 मध्ये एम6 हा नवा मोटरवे त्या भागातून गेला आणि हा रस्ता ओस पडला. त्या रस्त्यावर पुढे या चालकांचे आणि अडकलेल्या प्रवाशांना आसरा देणाऱ्या स्थानिकांचे स्मारक उभारले गेले. मालट्रक चालवणाऱ्यांचे स्मारक असावे ही गोष्ट मला फार योग्य वाटते.

आता प्रश्नाचा पहिला भाग, म्हणजे ही आत्मीयता येते कुठून. 1957 पर्यंत तीन टनांहून अधिक रिकाम्या वजनाच्या मालट्रकला ताशी 20 मैलांची मर्यादा होती. त्या वर्षी ती 30 मैल झाली. 1930 च्या कायद्याने चालकाला दिवसाला 11 तास गाडी चालवता येत असे. मँचेस्टर ते लंडन हे अंतर सुमारे 190 मैल. वीसच्या वेगाने साडेनऊ तास. प्रत्यक्षात रिकामा रस्ता आणि बरी गाडी असली की चालक याहून जोरात जात, परंतु लवकर पोहोचल्याची नोंद केली तर वेगमर्यादा मोडल्याचा पुरावा स्वतःच्याच हाताने लिहिल्यासारखे होई. मग उरलेला वेळ कुठे जाई? वाटेवरच्या ट्रान्सपोर्ट कॅफेमध्ये. मोठे मग भरून चहा, तळलेली न्याहारी, रात्रपाळीच्या चालकांनी निम्म्या वाटेवर गाड्या बदलून आपापल्या गावी परतणे, परतीच्या मालाची बातमी, कोणत्या गोदीत किती खोळंबा आहे याची चौकशी, हे सारे तिथे चाले. मुक्काम पडलाच तर घरगुती खानावळीसारख्या लॉजमध्ये एका खोलीत चार-पाच खाटा असत आणि बिछान्यात आधीच्या माणसाची ऊब शिल्लक असे. म्हणजे ज्या मैत्रीची आठवण ही माणसे आज काढतात, तिची तरतूद एका जुनाट वेगमर्यादेने केली होती. वेग वाढवण्याकडे त्यांच्या युनियनने संशयाने पाहिले त्यात नवल नाही. त्याच पगारात जास्त काम गळ्यात पडणार हे त्यांना कळत होते.

शिवाय डेपोचे फाटक ओलांडले की चालकाला विचारणारे कोणी नसे. फोन केव्हा करायचा तर माल उतरल्यावर, लाल फोनपेटीतून. 1948 नंतर सरकारी ब्रिटिश रोड सर्व्हिसेसमध्ये काम करणारेही हेच सांगतात, आणि 1953 च्या कायद्यानंतर पुन्हा खासगी मालकांकडे गेलेलेही हेच सांगतात. उघड्या गाडीवर माल रचणे, त्यावर भिजून जड झालेली ताडपत्री ओढणे आणि दोर आवळून गाठ मारणे हे सगळे चालकाचे काम, आणि माल हलला तर दोषही त्याचाच. माझ्या अनुभवात या मंडळींना सर्वांत जास्त अभिमान गाडीचा नव्हता, या बांधणीचा होता. दुसऱ्याची ढिली ताडपत्री पाहिली की निवृत्त माणूसही कचेरीच्या खिडकीतून शेरा मारल्यावाचून राहत नसे.

मग 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वीडनहून व्होल्वो एफ88 आणि स्कॅनिया 110 आले. उबदार केबिन, सिंक्रोमेश गिअर, मागे झोपायची जागा आणि गार्डनरपेक्षा कितीतरी अधिक शक्ती. आज ‘आमची अ‍ॅटकिन्सन’ म्हणून डोळे पुसणाऱ्यांना मी मुद्दाम विचारत असे की तेव्हा व्होल्वोची किल्ली देऊ केली असती तर काय केले असते. एकानेही नाही म्हटले नाही. ब्रिटिश कारखाने बुडाले त्याला 1968 मध्ये अनेक कंपन्या एकत्र करून बांधलेली ब्रिटिश लेलँडची अवजड मोट आणि नव्या गाड्यांवर न झालेला खर्च कारणीभूत होताच, पण चालकाकडे न पाहण्याची सवयही तितकीच कारणीभूत होती. साउथॉलचा एईसी 1979 मध्ये बंद झाला, गायचा कारखाना 1982 मध्ये, स्कॅमेलचा 1988 मध्ये. फोडेन हे नाव 2006 मध्ये आणि ईआरएफ 2007 मध्ये संपले. लेलँड गावात ट्रक आजही बनतात, पण त्यांच्यावर डॅफ या मूळच्या डच कंपनीचे नाव असते. भारतात मात्र 1955 पासून अशोक लेलँडने ते नाव चालू ठेवले, आणि त्यांचा कॉमेट ट्रक चालवलेला आपल्याकडचा जुना ड्रायव्हर या ब्रिटिश चालकांशी तासभर सहज बोलू शकेल.

आपल्याला या आठवणी प्रत्यक्ष ऐकायच्या असतील तर लेलँडमधील ब्रिटिश कमर्शिअल व्हेइकल म्युझियममध्ये जावे, किंवा मे महिन्यात 1962 पासून चालत आलेल्या जुन्या व्यावसायिक गाड्यांच्या लंडन-ब्रायटन फेरीला जावे. इंजिनाबद्दल विचारलेत तर ठरलेली उत्तरे मिळतील, कारण ती सगळ्यांनी सगळ्यांना सांगून झाली आहेत. दोराची गाठ कशी मारायची ते दाखवा म्हणून सांगा, आणि पगाराच्या हिशेबात मुक्कामाचा भत्ता किती होता व तो खरोखर मुक्कामावर खर्च होत होता का, हे विचारा. खरे बोलणे तिथून सुरू होते.