बदलीमुळे बेळगावला आलो. नववीतला मुलगा बाहेर कन्नड बोलतो, घरी गप्प असतो आणि सारखं पोट दुखतं म्हणतो. सोनोग्राफीत काही निघालं नाही, नाटक करतोय असं वाटतं. घरात फक्त मराठीच बोलायची असा नियम करावा का?

नका करू.

सोनोग्राफीत काही निघालं नाही म्हणून ते नाटक ठरत नाही. मी बेळगावातच वाढले, खानापूर तालुक्यात हायस्कूलला मराठी शिकवते आणि अशी मुलं माझ्या वर्गात येत असतात. ती कळ खोटी नसते. मनावर ताण असला की आतड्यांची हालचाल बिघडते. रिपोर्ट चांगला आला तरी दुखायचं ते दुखतंच. दिवाळीच्या सुट्टीतही दुखतं का, तेवढं बघा, म्हणजे ताण शाळेचा आहे का याचा अंदाज येईल.

देश सोडून गेलेल्या कुटुंबांतल्या मुलांचा एक मोठा अभ्यास कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. १३ देश, १३ ते १८ वयाची पाच हजारांवर मुलं. ज्यांनी घरचं धरून ठेवलं आणि नव्या समाजातही मिसळली, ती मनाने आणि शाळेतही सगळ्यात बरी होती. आपण काही परदेशात नाही, निपाणी ओलांडली की महाराष्ट्र. पण सगळा वर्ग कन्नडमधून हसतो आणि आपल्याला काही कळत नाही, तेव्हा मुलाला परकं वाटायचं ते वाटतंच. तुमचा मुलगा कन्नड शिकला, मित्र जोडले, ही जमेची बाजू आहे. ती घरात गुन्हा ठरवली तर तो आणखी गप्प होईल.

इथं त्यात सीमाप्रश्नाची भर. १९५६ पासूनचं हे दुखणं, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकचा राज्योत्सव, दुसरीकडे मराठी लोकांचा काळा दिन. मराठीसाठी माझाही जीव तुटतो. पण दुसऱ्या दिवशी त्याला दोन्हीकडच्या मित्रांबरोबर डबा खायचा असतो, त्याला बाजू घ्यायला लावू नका.

आणखी एक बघा, घरचा दुभाष्या तोच झालाय का? लाइटबिल, घरमालकाशी भाड्याचं बोलणं, बँकेतले फॉर्म? माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिची आई लग्नानंतर कोकणातून इकडे आलेली. आईच्या अंगावरून जास्त जातंय, किती दिवस, किती कपडे, हे सगळं त्या पंधरा वर्षांच्या पोरीने अनोळखी डॉक्टरांना कन्नडमधून सांगायचं. आई खाली मान घालून बसलेली. पोरीचं डोकं आठवड्यातून तीन-चारदा ठणकायचं. पुढे आई शेजारच्या अक्कांकडे बसून कन्नड शिकली, मोडकंतोडकंच, पण दवाखान्यात एकटी जायला लागली. पोरीची डोकेदुखी पूर्ण गेली नाही. वर्गात हात वर करायला मात्र लागली.

म्हणून नियम करायचाच तर स्वतःला करा: भाजीवालीशी, रिक्षावाल्याशी रोज चार वाक्यं कन्नडमध्ये बोलायची. चुकेल तिथं मुलालाच विचारा. मराठीचा धाक नको, ओढ लागू दे. रात्रीचं जेवण एकत्र, आजीशी फोन, गणपतीला गावी. मराठीत बोलता बोलता मध्येच कन्नड शब्द आला तर टोकू नका, आम्ही बेळगावकर सगळे तसंच बोलतो.

झोप आणि जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं राहिलं, त्याने मित्र तोडले किंवा जगून काय करायचं असं काही बोलला, तर वाट बघू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. आधी तुम्ही बोलून घ्या, मग फोन त्याच्या हातात देऊन खोलीबाहेर थांबा.