शंका-समाधान : ससे जातात कुठे?

प्रश्न : कॅनडात स्नोशू ससे साधारण दर दहा वर्षांनी एकदम घटतात. लिंक्स (एक प्रकारची रानमांजरं) त्यांचा फडशा पाडतात म्हणून का?

उत्तर : अर्धंच खरं. कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या क्लुआनी भागात १९८६ ते १९९४ दरम्यान हे तपासलं गेलं. विजेच्या कुंपणाने लिंक्स आणि कोयोटी (लांडग्यासारखे छोटे शिकारी) बाहेर ठेवल्यावर ससे सुमारे दुप्पट झाले. नुसतं खाद्य वाढवल्यावर तिप्पट. दोन्ही केल्यावर अकरापट! (घुबडांना मात्र कुंपण कसलं?) हिवाळ्यात विलो, बुटक्या बर्चच्या कोवळ्या डहाळ्यांवरच ससा तगतो. त्यात सततच्या पाठलागाची धास्ती. त्यामुळे माद्यांना पिल्लंही कमी होतात. लिंक्सची घसरण मागाहून, एक-दोन वर्षांनी : आधी पिल्लं दगावतात, मग मोठे उपाशीपोटी शेकडो किलोमीटर भटकतात.