फाटा फुटला की फोडला?

एका वाचकाने विचारले आहे: “आर्थिक बातम्या मराठीत लिहिताना ‘हार्ड फोर्क’ हा शब्द हमखास अडतो. ‘ऑगस्ट २०१७ मध्ये बिटकॉइनमध्ये कठीण काटा झाला व त्यातून बिटकॉइन कॅश जन्मले’ असे वाक्य नुकतेच वाचले. हसू आले, पण मला तरी दुसरा शब्द कुठे सुचतोय? ‘फाटा’ चालेल का? आणि या वादांत सतत येणाऱ्या ‘कन्सेन्सस’ला ‘एकमत’ म्हणावे का?”

‘कठीण काटा’ हे यंत्राचे भाषांतर दिसते. इंग्रजीत ‘फोर्क’ म्हणजे जेवणाचा काटाही आणि रस्त्याला वाटा फुटतात ती जागाही. मराठीत काटा पायात रुततो, घड्याळात फिरतो, अंगावर येतो, माशात सापडतो आणि हॉटेलात चमच्याशेजारी पडून असतो. रस्त्याशी त्याचा संबंध फक्त चप्पल नसेल तेव्हा. हे वाद काही वेळा एकमेकांचा काटा काढण्यापर्यंत गेले हे खरे, पण तेवढ्यावर तो शब्द घेता येणार नाही.

‘फाटा’ चालेल. किंबहुना इंग्रजी शब्दाला जे जमत नाही, ते त्याला जमते.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. बिटकॉइनसारख्या आभासी चलनाचे सगळे व्यवहार जिच्यात नोंदले जातात त्या ब्लॉकचेनला आपल्याकडे सर्रास ‘खातेवही’ म्हणतात. माझे वडील किराणा दुकानाचा हिशेब रात्री स्वतः लिहीत, त्यामुळे मला हे खटकते. खतावणीत नोंदी खातेवार असतात. घडल्या क्रमाने, तारखेला तारीख लावून लिहितात ती कीर्द. ब्लॉकचेन ही कीर्द आहे. बिटकॉइनमध्ये साधारण दर दहा मिनिटांनी तिला एक पान, म्हणजे ब्लॉक, जोडले जाते आणि तिची प्रत जगभरातल्या हजारो संगणकांवर असते. प्रत्येक संगणक नवे पान आपल्याजवळच्या नियमांनी तपासतो आणि पटले तरच आपल्या वहीला शिवतो. काही संगणकांना एक पान पटले आणि बाकीच्यांना पटले नाही, तर तिथून पुढे दोन वह्या होतात. तो फोर्क.

आता हे कोणी केले? इंग्रजीत ‘फोर्क’ हे क्रियापद दोन्हीकडे चालते, आपोआप झाले तरी आणि कोणी ठरवून केले तरी. मराठीला मात्र बोलणाऱ्याकडून उत्तर काढून घेतल्याशिवाय राहवत नाही. काच फुटली की फोडली, पेपर फुटला की फोडला, हा प्रश्न आपल्याकडे पहिलीतल्या मुलालाही कळतो. तसाच फाटा फुटतो किंवा फोडला जातो.

मार्च २०१३ मध्ये बिटकॉइनला फाटा *फुटला*. ही वही सांभाळणाऱ्या प्रणालीच्या ०.८ या नव्या आवृत्तीत आतला डेटाबेस बदलला होता. २,२५,४३० क्रमांकाच्या सुमारास एक मोठा ब्लॉक आला. नव्या आवृत्तीने तो घेतला, जुन्या ०.७ ने नाकारला, कारण जुन्या डेटाबेसला एका वेळी इतक्या नोंदी झेपत नव्हत्या. ही मर्यादा नियम म्हणून कोणी लिहिलीच नव्हती. काही तास दोन वह्या चालू होत्या. गंमत म्हणजे नवी वही पुढे होती, तरी विकासकांनी मोठ्या खाणकाम-गटांना (नवी पाने तयार करतात ते खाणकामवाले) जुन्या आवृत्तीवर परत जायची विनंती केली आणि त्यांनी ती ऐकली. नव्या वहीतली २४ पाने रद्द झाली. भांडण नाही, तट नाहीत, नुसता अपघात. इथे ‘फूट पडली’ असे लिहिणारा पत्रकार चुकला.

याउलट १ ऑगस्ट २०१७ रोजी फाटा *फोडला* गेला. बिटकॉइन कॅशवाल्यांनी तारीख आधी जाहीर केली, ब्लॉकची मर्यादा १ एमबीवरून ८ एमबी केली, आणि ४,७८,५५८ व्या ब्लॉकनंतर आपली वही वेगळी केली. याला मराठीत आणखी चपखल शब्द हवा असेल तर ‘सवता सुभा’ आहेच. ‘वेगळी चूल’ही चालेल, पण चूल वेगळी झाली तरी घराचे छप्पर बहुधा एकच राहते, इथे छप्परही गेले.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. ‘फाटे फोडणे’ हा आपला जुना वाक्प्रचार आहे: सरळ चाललेल्या बोलण्यात नसते मुद्दे काढून ते भरकटवणे. या दोन फाट्यांमधली चार वर्षे पाहिली तर दोन्ही बाजूंचा एकमेकांवर आरोप नेमका हाच होता. ब्लॉकवरची १ एमबीची मर्यादा सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या निर्मात्याने २०१० मध्ये घातली. २०१५ च्या ऑगस्टमध्ये गेव्हिन अँड्रेसन आणि माइक हर्न या विकासकांनी ‘बिटकॉइन एक्सटी’ ही वेगळी आवृत्ती पुढे आणली: आधी ८ एमबी, मग दर दोन वर्षांनी दुप्पट. त्यांचे म्हणणे असे की साधा आकडा बदलायचा आहे, त्यात तुम्ही फाटे फोडताय. समोरच्यांचे म्हणणे असे की ब्लॉक मोठे झाले तर घरच्या संगणकावर वही सांभाळणे सामान्य माणसाला परवडणार नाही, मग ती चार कंपन्यांच्या हाती जाईल. आणि सर्वांची तयारी नसताना वेगळी आवृत्ती काढता, तेव्हा फाटा फोडणारे तुम्हीच. एकाने वादात फोडलेला, दुसऱ्याने वहीत फोडलेला. एक्सटीला पुरेसा पाठिंबा मिळाला नाही. हर्न २०१६ च्या जानेवारीत ‘प्रयोग फसला’ असे जाहीर करून बाहेर पडले.

‘फाटा’ शब्दात एक खोच आहे, ती वापरणाऱ्याने ओळखून असावे. इंग्रजी काट्याची टोके सारख्या मानाची. आपला फाटा तसा नसतो. ‘फाट्यावर उतरा’ म्हटले की गाडी पुढे हमरस्त्याने जाणार आणि तुम्ही आडबाजूच्या गावाला, हे गृहीतच असते. म्हणजे ‘बिटकॉइन कॅश हा फाटा’ म्हणताना हमरस्ता कोणता, याचा निकाल तुम्ही देऊन टाकता. बिटकॉइन कॅशवाल्यांना तो मुळीच मान्य नव्हता. सातोशीचा मूळ रस्ता आपलाच आणि दुसऱ्यांनीच वळण घेतले, असे ते म्हणत.

आणि वळण घेणारा नेहमी आडबाजूला जातो असेही नाही. जून २०१६ मध्ये इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनवरच्या ‘द डीएओ’ या गुंतवणूक-योजनेतील कोडच्या चुकीचा फायदा घेऊन कोणीतरी सुमारे ३६ लाख इथर (हे तिथले चलन) वळते केले. ते परत मिळवण्यासाठी २० जुलै २०१६ रोजी, १९,२०,००० व्या ब्लॉकपाशी, नियम बदलून त्या रकमेची वाट फिरवण्यात आली. ‘कोड हाच कायदा’ म्हणणाऱ्यांनी जुनीच वही पुढे चालू ठेवली. नियम न बदलणारे ते, पण नाव बदलावे लागले त्यांनाच: ते झाले ‘इथेरियम क्लासिक’. मूळ नाव वळण घेतलेल्या वाटेला मिळाले. एसटी जिकडे वळते तो हमरस्ता, असा हा न्याय.

म्हणून माझी सूचना अशी. कोणाचीच बाजू न घेता फक्त विभागणीच्या जागेबद्दल बोलायचे असेल तर कोकणातला ‘तिठा’ घ्या. तिठ्यावर तीन वाटा मिळतात. कोणती मोठी हे तो सांगत नाही. निकाल लागून लोकांनी एक वाट हमरस्ता मानली असेल तर दुसरीला खुशाल ‘फाटा’ म्हणा. बिटकॉइन कॅशला पुढे नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘बिटकॉइन एसव्ही’ हा आणि नोव्हेंबर २०२० मध्ये आणखी एक फाटा फोडण्यात आला. फाट्याला उपफाटे.

आता ‘हार्ड’ आणि ‘सॉफ्ट’. इथे शब्दशः भाषांतर नुसते विनोदी नाही, उलटे आहे. ‘सॉफ्ट फोर्क’मध्ये नियम अधिक कडक होतात आणि ‘हार्ड फोर्क’मध्ये बहुधा सैल! पंगतीचे उदाहरण घेतो. काहीही खायची मुभा असलेल्या पंगतीत उद्यापासून फक्त उपवासाचे वाढायचे ठरले, तर जुन्या सवयीचा माणूसही साबुदाण्याची खिचडी खाऊन उठेल. त्याच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. हा सॉफ्ट फोर्क. उलट, पंगत उपवासाची आहे आणि कोणी कांदाभजी वाढायला काढली, तर उपवासवाले पानावरून उठणार. हा हार्ड फोर्क. यासाठी ‘नियम आवळणे’ आणि ‘नियम सैल करणे’ असे सरळ शब्द आहेत. मूळ शब्द ठेवायचाच असेल तर ‘हार्ड फोर्क’ तसाच नागरीत लिहा. ‘कठीण’ आणि ‘मऊ’ मात्र नकोत.

पंगतीत एक अडचण राहते: स्वयंपाकघरात, म्हणजे खाणकामवाल्यांत, बहुतेकांनी उपवासाचेच रांधायला हवे. २०१७ मधला ‘सेगविट’ हा बदल म्हणजे नियम आवळणे होते. (व्यवहारांवरच्या डिजिटल सह्यांचा भाग ब्लॉकच्या जुन्या हिशेबाबाहेर ठेवून त्याने जागाही वाढवली, ही त्यातली चतुराई.) ते लागू व्हायला एका टप्प्यातल्या ९५ टक्के ब्लॉकांनी होकार दाखवायचा होता, आणि खाणकाम करणारे तो देईनात. तेव्हा वही सांभाळणाऱ्या साध्या वापरकर्त्यांतल्या काहींनी जाहीर केले की १ ऑगस्टपासून होकार नसलेले ब्लॉक आम्ही घेणारच नाही. थोडक्यात, उपवासाचे नसेल तर पान परत. त्याआधीच खाणकामवाले वळले आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सेगविट लागू झाले.

हे आपल्याला तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे आणते. ‘कन्सेन्सस’ला ‘एकमत’ म्हणू नका. या मंडळींत एकमत म्हणावे असे क्वचितच काही झाले आहे. शिवाय या एका इंग्रजी शब्दात दोन निराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. एक, सगळ्या संगणकांवरच्या वह्या जुळणे. याला कीर्दीच्या भाषेत सुंदर शब्द आहे: मेळ. जुन्या दुकानांत रोजमेळ असे. रात्री मेळ बसला नाही तर जेवण लांबे. ‘कन्सेन्सस रूल्स’ म्हणजे मेळाचे नियम. दुसरी गोष्ट, बदल करावा की नाही याबाबत माणसांचे जुळणे. ती सहमती.

सहमती आणि बहुमत यांतला फरक २०१७ इतका स्वच्छ क्वचित दिसला असेल. त्या वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कला ५० हून अधिक कंपन्यांनी एक करार केला: सेगविट घ्यायचे आणि पुढे मर्यादाही २ एमबी करायची. करारामागे ८० टक्क्यांहून जास्त खाणकाम-शक्ती होती. कोणत्याही ग्रामसभेत ठराव दणदणीत मंजूर झाला असता. इथे ८ नोव्हेंबरला करार पुढे आणणाऱ्यांनीच दुसरा भाग मागे घेतला. कारण दिले, पुरेसा ‘कन्सेन्सस’ तयार झाला नाही. ते वाक्य ‘पुरेसे बहुमत झाले नाही’ असे मराठीत आणले तर वाचक चक्रावेल.

मग सहमती झाली हे ओळखायचे कसे? इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्यांत १९९२ पासून एक सूत्र प्रसिद्ध आहे: राजे, अध्यक्ष आणि मतदान नको, ‘रफ कन्सेन्सस’ आणि चालणारा कोड हवा. या ‘रफ कन्सेन्सस’ला मी ‘ओबडधोबड सहमती’ म्हणणार नाही. त्याचा अर्थ असा की प्रत्येक आक्षेपाला उत्तर दिले गेले आहे, भले आक्षेप घेणारा खूश नसेल. आपल्या सभांमध्ये ‘कोणाची हरकत?’ असे विचारून अध्यक्ष क्षणभर थांबतात, त्याच्या जवळपास हे जाते. म्हणून ‘हरकत न उरणे’. बिटकॉइनचे विकासक प्रस्तावाखाली ‘कन्सेप्ट अ‍ॅक’ असा शेरा लिहितात. कल्पना पटली, कोड अजून तपासलेला नाही. मंत्रालयाच्या फायलींवर ‘तत्त्वतः मान्य’ हा शेरा त्याच कामासाठी असतो, आणि त्यानंतर फाइल तितकीच वर्षे पडून राहू शकते.

‘गव्हर्नन्स’ला ‘शासन’ लिहिलेलेही पाहतो. शासन म्हटले की शासक आला. इथे मालक म्हणावा तो सातोशी २०११ पासून गायब आहे आणि उरले आहेत कोडच्या किल्ल्या सांभाळणारे कारभारी. तेव्हा ‘कारभार’ म्हणा.

एक ताजे उदाहरण देतो, कारण त्यात ‘फूट’ आणि ‘फाटा’ वेगळे राहतात. बिटकॉइनची मुख्य प्रणाली ‘बिटकॉइन कोर’ हिच्या ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ३० व्या आवृत्तीने व्यवहाराला जोडायच्या इतर माहितीवरची, वापरकर्त्याने स्वतः बदलली नाही तर लागू असणारी ८३ बाइटची मर्यादा १,००,००० बाइटवर नेली. त्यावरून चिडलेल्या अनेकांनी ‘बिटकॉइन नॉट्स’ ही दुसरी प्रणाली घेतली. तट पडले, फूट पडली. पण वह्या दोन झाल्या नाहीत. ती मर्यादा मेळाच्या नियमांपैकी नव्हतीच. कोणता व्यवहार पुढे पाठवायचा याबाबत प्रत्येक संगणकाची आपापली रीत असते, त्यातली ती एक. ‘पॉलिसी’ला ‘धोरण’ न म्हणता ‘रीत’ म्हटले की नियमापासूनचे तिचे अंतर लगेच कळते.

तर तुम्ही दिलेले वाक्य मी असे लिहीन: “ब्लॉकची मर्यादा सैल करू पाहणाऱ्या गटाने १ ऑगस्ट २०१७ रोजी बिटकॉइनला फाटा फोडला, तोच बिटकॉइन कॅश.” बिटकॉइन कॅशचा एखादा समर्थक हे वाचून तक्रार करील, की फाटा आम्ही नव्हे, ते. त्याच्यासाठी ‘फाटा फोडला’ काढून ‘तिठ्यावर वेगळी वाट धरली’ असे करा.