विंदाउगा आणि गवाक्ष

अगं पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नॉर्वेजियन ‘विंदू’चं जुन्या नॉर्समधलं, म्हणजे नॉर्वेजियनच्या पूर्वज भाषेतलं, रूप विंदाउगा, विंद म्हणजे वारा, आउगा म्हणजे डोळा. आपला गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा. दोन्ही खिडक्याच. मग ही कल्पना इथून तिकडे गेली असं लिहू का, म्हणतेस, आणि सरांनी ते खोडलं म्हणून रुसलीयस. बरोबरच खोडलं. गेली म्हणतेस, तर वाटेतलं एखादं जुनं रूप दाखव.

तुकडे नात्यातले आहेत, कबूल. आउगा आणि अक्षि एकाच मुळातले. विंद आणि वातही. (‘आउ’ हा स्वर मात्र तिथे सरळ बसत नाही. त्यांच्या ‘कान’ अर्थाच्या शब्दाची संगत लागली म्हणतात. ते शोध, मजा आहे.) पण तुकडे सख्खे म्हणून समास सख्खा होत नाही. रशियन ‘अक्नो’, म्हणजे खिडकीच, तोही डोळ्यावरूनच आलाय, तोही आपणच पाठवला का? इंग्रजी ‘विंडो’ मात्र नॉर्सकडूनच गेला, हे छातीठोक सांगता येतं, कारण १३व्या शतकातल्या इंग्रजीत तो लिहिलेला सापडतो. न्यूनॉर्स्क (नॉर्वेजियनच्या दोन लेखी रूपांपैकी एक) लिहिणारे तर अजून ‘विंदाउगे’च लिहितात. तुझ्या वाटेवर काय आहे? जुनं रूप दाखव.

चिडू नकोस. तिशीत मी एका व्याख्यानात नेमकं हेच ठोकून दिलं होतं. टाळ्या पडल्या. परवा एका लग्नात कुणीतरी ते मलाच ऐकवलं, माझं नाव न घेता! तेव्हापासून पुराव्याशिवाय एक ओळ छापू दिली नाही. पुस्तक ११ वर्षं रखडलं, घरचेही आळशी म्हणाले. म्हणोत. आळस नव्हता तो. असो.

खरं विचारायचं ते तू विचारलंच नाहीस. तो डोळा कशासाठी? जुन्या नॉर्स घरात चूल मधोमध, काच नाही. भोक ते धूर-वाऱ्यासाठी, बाहेर बघण्यासाठी नव्हे. आता पाणिनीकडे ये: ‘अक्ष्णोऽदर्शनात्’. पाहणारा डोळा नसेल तेव्हाच समासात अक्षिचा ‘अक्ष’ होतो, म्हणून गवाक्ष. न पाहणारे दोन डोळे, एकमेकांना न विचारता घडलेले. यावर लिही की! पण तिथेही, जुनं रूप दाखवूनच.

शनिवारी ये. जुन्या नॉर्सचा कोश आण. माझा कुणीतरी नेला तो परत आलेला नाही.