माहेरचा मोहा उशिरा का गळते?

प्रश्न : सर, आमचं गाव परतवाड्याच्या खाली सपाटीवर हाये. आमच्या धुऱ्यावरचा मोहा गळाले लागते तवा माह्या माहेरी, वर चिखलदऱ्याकडं, त्याचा पत्ताच नसते, तिकडं आठ-दहा दिवस मागून गळते. झाडं दोन्हीकडं मोहाचीच, मंग असं काहून? अन् बचत गटाले शंभर रोपं लावाची हायेत, बी माहेरून आणलं तं चालन का?

उत्तर : ताई, तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे, दरवर्षी तारखा वहीत लिहून ठेवा, खरंच. परतवाडा पावणेचारशे मीटरच्या आसपास आणि चिखलदरा अकराशेच्या वर. हजार मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे तुमच्या सासर-माहेरात चार-पाच अंशांचा फरक पडतो, आणि गारव्यात फुलोरा मागं पडू शकतो. जात एकच, तो मोहाच.

पण खरी गंमत पुढंच आहे. खालची फुलं आधी आणि वरची नंतर उमलली तर परागकणांची देवाणघेवाण कमी होते, आणि पिढ्यानपिढ्या असंच चाललं तर खालच्या झाडांत उन्हाळा सोसणारे गुण साठत जातात, वरच्यांत गारव्याचे. डोंगर नुसता आडवा येत नाही, तो झाडांचं टाइमटेबलच बदलतो! उष्ण कटिबंधात हे जास्त जाणवतं असं अमेरिकी जीवशास्त्रज्ञ डॅनिअल जान्झेन यांनी १९६७ साली मांडलं. त्यांचं म्हणणं असं की थंड देशात एकच झाड बर्फही सोसतं आणि उन्हाळाही, त्याला खिंड ओलांडणं जड जात नाही, पण उष्ण कटिबंधात, त्यातही विषुववृत्ताजवळ, वर्षभर तापमान जवळपास सारखंच असल्यामुळं तिथल्या जीवांना थोड्याच अंशांची सवय असते, म्हणून तेवढ्याच उंचीची खिंड त्यांच्यासाठी जास्त उंच ठरते. आपल्याकडं मे महिन्याचं ऊन आणि पौषातली थंडी दोन्ही कडक, त्यामुळं आपली झाडं त्या मानानं काटक आहेत.

डोंगर खूपच उंच असला तर काय होतं ते आफ्रिकेत दिसतं. किलिमांजारो ५८९५ मीटर, माउंट केनिया ५१९९ मीटर, दोन्हींच्या माथ्याकडं सेनेसिओच्या (सूर्यफुलाच्या कुळातल्या एका वनस्पतीच्या) नात्यातली माणसापेक्षा उंच झाडं उभी आहेत, पण किलिमांजारोवरची जात वेगळी आणि केनियावरची वेगळी, कारण मधलं तापलेलं मैदान ती ओलांडू शकत नाहीत. प्रत्येक शिखर म्हणजे त्यांचं बेटच.

आपला गाविलगडचा डोंगर, ज्यावर चिखलदरा आहे, तेवढा उंच नाही. शिवाय मोहाचा सडा काही आठवडे पडत राहतो, तेव्हा दोन्हीकडच्या तारखा थोड्या तरी एकमेकींत मिसळतात, आणि वटवाघळं फळं खातात नि बी लांब नेऊन टाकतात, त्यांना घाट-बिट काही लागत नाही. म्हणून माझा अंदाज, तुमच्या दोन गावांतली झाडं पूर्ण तुटलेली नसावीत.

मग फरक हवेचा की रक्तातला? वरून आणि खालून बी आणा, एकाच वावरात शेजारी शेजारी लावा, पाणी-माती सारखी द्या. तरीही माहेरचा मोहा मागूनच फुलला तर तो गुण बियातच आहे. फुलायला दहा वर्षं तरी जातील, पण पालवी कधी फुटते, उन्हाळ्यात कोणती रोपं तग धरतात हे दोन-तीन वर्षांतच कळायला लागेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न. शंभरातली ऐंशी तरी खालच्याच बियाची लावा, वीस माहेरची, वेगळ्या ओळीत, खूण करून. आणि हात जोडून सांगतो, एकाच लदलदलेल्या झाडाखालचं सगळं बी गोळा करू नका. सगळी रोपं एकाच आईची भावंडं झाली की पुढं आपसातच परागीभवन होतं, बी कमजोर पडत जातं आणि एखादा रोग आला तर सगळीच सापडतात. चिखलदऱ्याच्या कॉफीचंच बघा ना, अरेबिका मूळची इथिओपियाच्या डोंगरांतली, पण जगभर पसरली ती मोजक्या झाडांच्या वंशातून, म्हणून तांबेरा आला की मळेच्या मळे बसतात. तेव्हा पंचवीस-तीस झाडं निवडा, एकमेकांपासून शंभरेक पावलं तरी लांबची, आणि प्रत्येकाखालचं थोडं थोडं बी घ्या. जून-जुलैत फळं पिकून पडली की लगेच, कारण मोहाचं बी डब्यात भरून ठेवलं की काही आठवड्यांत उगवायचं बंद होतं. ताजं बी काढलं की त्याच आठवड्यात पिशव्यांत टाका.