शौर्य चक्रावरचे हिरवे ठिपके

प्रश्न : वडिलांचं शौर्य चक्र काळपट झालंय, हिरवे ठिपकेही आलेत. गुजरीतून (सराफ बाजारातून) पॉलिश करून आणू का?
– एक वाचक, सैनिक टाकळी (ता. शिरोळ)

उत्तर : अजिबात नको. शौर्य चक्र ब्राँझचं असतं. काळपट तपकिरी थर हा मळ नव्हे, उलट तोच धातूला जपतो. बफ (पॉलिशचं फिरतं चाक) फिरवला की मधल्या अशोक चक्राचे आरे नि भोवतीच्या कमळांचे कंगोरे झिजतात, ते परत येत नाहीत. चिंच-लिंबूही लांबच ठेवा.

ठिपके टूथपिकने हलकेच टोकरून बघा. घट्ट असतील तर राहू द्यात. फिकट हिरवी भुकटी पडली, तर मात्र घामातल्या मिठातलं क्लोराईड आणि पावसाळी दमट हवा मिळून धातू पोखरतायत. मग आधी फीत काढा (भिजली तर रंग उतरतो), मऊ ब्रश आणि डिस्टिल्ड वॉटरने भुकटी झाडा, कोमट हवेने पूर्ण सुकवा आणि सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा. पीव्हीसीचं पाकीट नको, त्यातून आम्ल सुटतं. भुकटी पुन्हा आली, तर धातू-संवर्धकाला दाखवा.

फीत नवी घेताना गडद हिरव्यावर तीन उभ्या नारिंगी रेघा आहेत ना, तेवढं बघा. जुनी टाकू नका.